बिडाच्या कढईतला कोबी

"अगं बाई, तुमचं पाणी तर मेलं की!"

छोटी नायला एवढं बोलली आणि डझनभर पोरं खिदळली. शायलो चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात, दाराशी उभ्या असलेल्या ओझेलाच्या काळजात मात्र कळ उठली...

ओट्यापाशी लिंबू पिळत उभी होती तिची धाकटी बहीण कोरीन, रसायनशास्त्राची नावाजलेली प्राध्यापक! आपल्या कृष्णवर्णीय समाजातल्या पहिल्यावहिल्या शास्त्रज्ञ स्त्रियांची आयुष्यं सांगत, घरी करायचे सोपे प्रयोग तिने मुलांसाठी पुस्तकात लिहिले होते. आज ते दाखवायला ती अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या आपल्या गावी आली होती. जांभळ्या कोबीचं पाणी लिंबू पिळताच गुलाबी व्हायला हवं होतं. कढईत मात्र नुसता करडा, मळकट चिखल!

का, ते ओझेलाला बघताक्षणी कळलं. पण तिने का बोलावं? त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर कोरीनने लिहिलं होतं, 'आमच्या घरात विज्ञानाचा गंधही नव्हता.' ते वाचल्यापासून वर्षभर ओझेलाने तिचा फोन उचलला नव्हता. गंधही नव्हता! अठराव्या वर्षी रसायनशास्त्राची शिष्यवृत्ती मिळालेली मुलगी या घरात कोण होती? त्याच उन्हाळ्यात अम्माला अर्धांगवायू झाला, तेव्हा बांधलेली पेटी सोडून, आपली सगळी पुस्तकं धाकटीच्या ओंजळीत देऊन, जन्मभर शाळेच्या भटारखान्यात कोण राबलं?

"काहीतरी चुकलंय खरं..." कोरीन पुटपुटली. तिने आणखी एक लिंबू पिळलं; चिखल तसाच. साऱ्या जगापुढे ताठ मानेने बोलणारी आपली चिमणी, पोरांपुढे अशी केविलवाणी! ओझेलाला ते बघवेना. ती पुढे झाली.

"ए नायला, कढई कुणी आणली?"

"मी, मिस ओझेला! माझ्या आजीची आहे. पुस्तकात लिहिलंय, घरातलं कुठलंही भांडं चालेल."

"चालेल म्हणे! गावातल्या कुठल्याही घरात जा, चुलीवर बिडाचीच कढई असते. बिडातलं लोखंड कोबीच्या रंगाशी भांडतं आणि पाणी काळवंडतं. जा, फळीवरून ते एनॅमलचं पातेलं आण. आणि दुसरा कोबी चीर. बोटं नको चिरूस!"

नवा कोबी उकळला, गाळला. निळंजांभळं पाणी काचेच्या पेल्यात उन्हासारखं झळकलं.

कोरीन एकटक बघत होती.

"ताई... हे तूच मला शिकवलं होतंस. पंधरा वर्षांची होतीस. अम्माची कढई घेतलीस, पाणी नासलं, मग पातेलं घेतलंस... मी विसरले गं! पातेलंही विसरले, आणि तुलाही!"

"विसरली नव्हतीस," ओझेला शांतपणे म्हणाली. "लाजत होतीस. भटारखान्यातली बहीण त्या पुस्तकात कुठे बसवणार?"

कोरीनचे डोळे घळाघळा वाहू लागले. "हो. लाजले! मार मला, पण पाठ फिरवू नकोस..."

"मारते कसली! सत्तरीला आलीस."

नायलाने हळूच विचारलं, "मिस ओझेला, तुम्ही पण शास्त्रज्ञ आहात?"

ओझेलाने कोरीनकडे बघितलं. हे उत्तर तिचं नव्हतंच. कोरीनने डोळे पुसले, पुस्तक उघडलं, पहिल्या पानावरची ती ओळ पेनाने आडवी खोडली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या घरातली पहिली शास्त्रज्ञ ही. मी दुसरी."

ओझेलाची मान कधी नव्हे इतकी ताठ झाली.

"बरं, दुसरीबाई," ती म्हणाली, "आता रडणं पुरे. लिंबू पिळ, पोरं केव्हाची थांबलीत!"