एकशे सत्तरवरची साखर

“माझा हात गेला हो, मावशी!” असं म्हणून बाई जी रडायला लागली, ती थांबेचना.

भाच्यानं घाबरून आधी तिचे दोन्ही हात पाहिले. दोन्ही जागच्या जागी होते.

मावशी म्हणजे खासगी तपासनीस. सगळं जग त्यांना मावशी म्हणायचं, पण सख्ख्या मावशी त्या एकट्या भाच्याच्याच. आणि भाचा म्हणजे चाळिशी उलटलेला गृहस्थ. गाडी चालवावी, पिशव्या उचलाव्या, समोर येईल ते खावं. डोक्याला उगाच त्रास देऊ नये, हे त्याचं धोरण.

“केकचा हात म्हणतेय ती,” मावशी म्हणाल्या. “बोल गं.”

बाई घरी केक करून विकायची. उद्या एका मोठ्या हॉटेलात तिची परीक्षा होती. केक आवडला, तर दुसऱ्या शहरात त्यांच्या बेकरीची मुख्य म्हणून नेमणूक. आयुष्यभर वाट पाहिलेलं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यापासून तिचा एकही केक धड होईना. वरून करपलेला, आतून कच्चा.

“ओव्हन तपासलास?”

“मेकॅनिक येऊन गेला. शिवाय मी आत थर्मामीटर ठेवल्याशिवाय काही भाजतच नाही. बटण एकशे सत्तरवर, काटाही एकशे सत्तरवर! ताईनंच लावलीय ही सवय. थर्मामीटरही तिनंच आणून दिलाय. बटणावर नको, काट्यावर विश्वास ठेव, म्हणते.”

“आणि आता काय म्हणते ताई?”

“म्हणते, नाद सोड. हात गेला म्हणून काय झालं, मी आहे ना.” बाईनं डोळे पुसले. “मावशी, मला वेड तर लागलं नाही ना?”

मावशींनी चपला पायात सरकवल्या.

बाईच्या घरात दोघीच बहिणी, ती आणि तिची ताई. आई गेली तेव्हा धाकटी एवढीशी होती. थोरलीनं स्वतःचं लग्न बाजूला ठेवून तिला वाढवलं. म्हणून घरातला नियम असा, की केक कुणाचाही असो, त्याच घाण्यातला एक छोटा घरासाठी व्हायचा आणि त्याचा पहिला तुकडा थोरलीच्या बशीत पडायचा. ती “झालाय” म्हणाली, की मगच बाकीचे बाहेर जायचे.

मावशींनी मेकॅनिकला बोलावून घेतलं.

“घरचा ओव्हन म्हणजे काय घड्याळ आहे का?” तो म्हणाला. “एकशे सत्तर लावलं तरी दहा-पंधरा खालीवर होतंच. मागं जास्त, दारापाशी कमी. तेवढ्यानं केक करपत नाही.”

“आणि फार फरक पडला तर?”

“बटण ओढून काढायचं. दांड्याच्या आत बारीक स्क्रू असतो, तो फिरवायचा. नवी कॉइल बसवली तेव्हा मीच जुळवून दिला होता. दोघी बहिणी बघत होत्या की.”

“आणि परवा तक्रारीला आलास तेव्हा?”

मेकॅनिकनं मान खाजवली. “माझा मीटर दुकानात राहिला होता. मग यांच्याच थर्मामीटरवर पाहिलं. जुळत होतं. ठीक आहे म्हटलं आणि एक पैसा न घेता गेलो.”

मग आली शेजारीण. तीही केक करायची, आणि त्याच हॉटेलनं तिलाही बोलावलं होतं.

“लपवू कशाला? ही जागा मलाही हवीय,” ती फणकारली. “पण गेल्या आठवड्यात माझा ओव्हन बंद पडला, म्हणून पाव इथे भाजले. कोळसा झाला नुसता! घरी पाहुणे जेवायला बसलेले. लाज गेली माझी.”

“मावशी, हीच!” भाचा कुजबुजला. “स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन!”

“मग पाहुणे कशाला बोलावून ठेवील रे? नाक काय सगळ्यांसमोर कापायचं असतं?”

तेवढ्यात थोरली चहा-बिस्किटं घेऊन आली. बिस्किटं खुसखुशीत, सोनेरी. भाच्यानं एकापाठोपाठ एक सहा उडवली.

“घ्या ना, मावशी. चार दिवसांपूर्वी हिला ताप होता. तोंडाला चव नाही म्हणाली, म्हणून मीच भाजली.”

“याच ओव्हनमध्ये? कितीवर?”

“एकशे सत्तर. नेहमीसारखंच.”

भाच्याला फार वाईट वाटलं. म्हणजे ओव्हन बिचारा निर्दोष. धाकटीचा हातच गेलेला.

“थोडी साखर द्या,” मावशी म्हणाल्या. चहा तर गोडमिट्ट होता! पण मावशींनी साखर स्टीलच्या वाटीत घातली, वाटी ओव्हनमध्ये ठेवली आणि बटण एकशे सत्तरवर आणलं. आत थर्मामीटरचा काटाही एकशे सत्तरवर येऊन थांबला. थोड्या वेळानं वाटी बाहेर आली, तर साखरेचा तांबूस पाक झाला होता.

“वितळणारच की,” भाचा म्हणाला. “ओव्हन आहे तो.”

मावशींनी ओव्हन बंद केला. थर्मामीटर निवू दिला आणि खळखळ उकळत्या पाण्यात धरला. काटा सत्तरवर थांबला.

“पाणी गार असेल,” भाचा म्हणाला.

“बोट घालून बघ,” मावशी म्हणाल्या, आणि सगळ्यांना बसायला सांगितलं.

“उकळतं पाणी शंभरचं. हा थर्मामीटर सत्तर सांगतो, म्हणजे तीस कमी. साखर वितळते एकशे पंच्याऐंशीच्या आसपास. एकशे सत्तरवर ती एवढ्या वेळात जशीच्या तशी राहायला हवी. हिचा पाक झाला, कारण आत दोनशे होते. म्हणजे बटण खोटं बोलतं, काटाही खोटं बोलतो, आणि दोघं अगदी एकच खोटं बोलतात. ओव्हन बिघडतो, बाबांनो, पण थर्मामीटरला सोबत घेऊन बिघडत नाही. कुणीतरी आतला स्क्रू फिरवला आणि त्याला जुळेल असा काटाही सरकवला.”

“हा!” भाच्यानं मेकॅनिककडे बोट केलं.

“त्यानं ओव्हन बिघडलाय म्हटलं असतं तर चार पैसे मिळाले असते. तो ठीक आहे म्हणून रिकाम्या हातानं गेला. शेजारणीला ठाऊक असतं, तर तिनं पाव जाळून घेतले नसते. या ओव्हननं सगळ्यांना फसवलं. फक्त बिस्किटं तेवढी सोनेरी झाली.”

भाच्याच्या घशात सातवं बिस्किट अडकलं.

“खरंच एकशे सत्तर लावलं असतं, तर ती काळी ठिक्कर पडली असती,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “भाजणाऱ्यानं बटण तीस खाली ठेवलं. ओव्हन किती खोटं बोलतो, हे ज्याला माहीत त्यालाच ते जमेल.”

धाकटी हसलीच. “काहीतरीच काय, मावशी! ताई?” मग तिनं ताईकडे पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

थोरली खाली मान घालून पदराशी चाळा करत होती. “ताप होता तिला,” ती पुटपुटली. “करपलेलं कसं देणार होते मी?”

मग तिनं मान वर करून धाकटीकडे पाहिलं.

“तू गेलीस तर या घरात मी बोलू कुणाशी?” थोरलीला रडू फुटलं. “वाटलं, उद्याची परीक्षा हुकली की राहशील. मग मी गुपचूप सगळं पूर्ववत करणार होते गं. आईशप्पथ!”

“जाऊ नको म्हणायचं होतंस!” धाकटी ओरडली. “एकदा म्हणायचं होतंस, ताई! भांडलो असतो, रडलो असतो. सोबत चल म्हणाले असते मी. रोज करपलेला पहिला तुकडा तुझ्याच बशीत घालत होते. तू तो गिळायचीस, माझ्या पाठीवरून हात फिरवायचीस आणि म्हणायचीस, हात गेला तुझा. मला खरं वाटलं. तुझं म्हणणं मला कधी खोटं वाटलंय का?”



धाकटी उठली, तोंडावर पाणी मारून आली आणि मेकॅनिकला म्हणाली, “स्क्रू जुळवा. दुकानातला मीटर आणून.”

संध्याकाळी घाणा बाहेर निघाला, उद्याचा मोठा आणि घरचा छोटा. दोन्ही वरून एकसारखे सोनेरी, सुरी घातली तर ती कोरडी बाहेर येत होती. वासानं भाच्याचा जीव कासावीस झाला.

थोरलीनं सवयीनं बशी पुढे केली.

धाकटीनं छोट्या केकचा पहिला तुकडा कापला, उभ्या उभ्या स्वतःच्या तोंडात घातला आणि नीट चावून खाल्ला.

“झालाय,” ती म्हणाली.

मग मोठा केक डब्यात ठेवून तिनं झाकण लावलं आणि सामानाची बॅग भरायला आत गेली. थोरली रिकामी बशी धरून तशीच उभी होती. छोटा केक ओट्यावर तसाच पडला होता, पण तो मागायचं धाडस भाच्यालासुद्धा झालं नाही.