आवक शिक्का

ती खरं तर शेजारच्या दुकानात झेरॉक्स काढायला आली होती. तिथे वीज गेलेली, म्हणून ग्राहक मदत केंद्रात शिरली. केंद्रातही वीज नव्हती, पण तिथल्या कामात त्यामुळे काही फरक पडला नव्हता.

"कागद कसला आहे?" कारकुनाने विचारलं.

"बँकेने कर्ज नाकारल्याचा. माझ्या नावावर म्हणे मोटरसायकलचे हप्ते थकलेत. अहो, मी सायकलवरूनसुद्धा पडते!"

तो हसला आणि त्याचा चष्मा घसरला. तिने सवयीने तो काढून घेतला, पर्समधल्या इवल्या पेचकसाने पेच आवळला. दुसऱ्याच्या दुकानात चष्मे बसवणं हेच तिचं काम. चष्मा परत नाकावर आला, तेव्हा कारकुनाला नोकरीत पहिल्यांदाच समोरचा अर्जदार नीट दिसला.

"नाव सारखं आहे, म्हणून दुसऱ्या बाईचं कर्ज तुमच्या खात्याला चिकटलंय," तो म्हणाला. "तक्रार करू. तीस दिवसांत त्यांना चूक दुरुस्त करावीच लागते. कायदा आहे."

"नक्की होईल?"

"मी आहे ना..."

ऑफिसात त्याला कलमबहाद्दर म्हणत. हे वाक्य मात्र कुठल्याच कलमात नव्हतं.

मग ती दर मंगळवारी येऊ लागली.

"आलं का काही?"

"अजून नाही."

"आणि चष्मा?"

"जरा... सैल झालाय."

तो पेच कलमबहाद्दर सोमवारी संध्याकाळी स्वतःच सैल करत असे.

पेच आवळता आवळता ती बोलायची. बसथांब्यासमोरचा कोपऱ्यातला गाळा, काचेचं कपाट, स्वतःची पाटी. "गाळेवाले काका महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत. त्याच्या आत कर्ज मिळायला हवं. मिळेल ना हो?"

"मिळेल," तो म्हणायचा, तिच्या बोटांकडे बघत.

उत्तर अठराव्या दिवशी आलं, शनिवारी. चूक दुरुस्त केली होती. त्याने इमानेइतबारे आवक शिक्का मारला, तारीख घातली... आणि पत्र खणात ठेवलं. पत्र दिलं की मंगळवार संपले. शिवाय कायद्याने अजून बारा दिवस होते.

अठ्ठाविसाव्या दिवशी, महिना संपायला दोन दिवस असताना, त्याने पत्र दिलं. ती इतकी खूश झाली की पेचकस टेबलावरच विसरली. बँकेलाही चार दिवस लागतात, हे कलमांत लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी ती आली. बसली नाही.

"गाळा गेला. मोबाइलची कव्हरं विकणार आहे कुणीतरी." तिने पत्र टेबलावर ठेवलं, शिक्क्यावर बोट टेकवलं. "बारीक अक्षर वाचणं माझं कामच आहे. ही तारीख तुमच्याच हातची ना?"

"हो."

"दहा दिवस?"

"तुमचं येणं थांबलं असतं..." त्याचा आवाज पत्रातल्या अक्षरांपेक्षाही बारीक झाला. "म्हणून."

तिने शिक्क्यावरचं बोट काढलं.

"वेडे आहात का हो? पत्र त्याच दिवशी दिलं असतंत, तर मी गाळ्याची किल्ली आधी तुम्हाला दाखवायला आले असते."

त्याने पत्र उगाच सरळ करून ठेवलं.

"तक्रारीचा फॉर्म द्या," ती म्हणाली.

त्याने दिला. तिने विरुद्ध पक्ष म्हणून त्याचं नाव लिहिलं, हकीकत लिहिली.

"इथे तारीख राहिली," तो सवयीने म्हणाला.

तिने तारीख घातली. शेवटचा रकाना होता, 'काय दाद मागता?' तिथे पेन टेकलं... थांबलं... एक निळा ठिपका उमटला. मग तिने पेन ठेवलं, पेचकस उचलला आणि ती गेली.

रकाना रिकामा असेल, तर फॉर्म दाखल करून घेता येत नाही, नियमच आहे. तो खणात पडून आहे.

चष्म्याचा पेच आता आपोआप सैल झालाय. दर मंगळवारी एका हाताने चष्मा नाकावर धरून तो दाराकडे बघत बसलेला असतो.