डाव्या ताटलीतली नानकटाई

उज्वलाताईंची त्या दिवशी संकष्टी होती. म्हणूनच या प्रकरणातला महत्त्वाचा पुरावा धोंडीराममामांच्या पोटात गेला.

उज्वला देवरे नाशकात खाजगी तपासाची कामं घ्यायच्या. धोंडीराम त्यांचे सख्खे मामा. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते भाचीच्या मदतीला असत. मदत म्हणजे पिशवी धरणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं.

दुपारी गंगापूर रोडवरच्या बेकरीवाल्या सोमनाथचा फोन आला.

"ताई, लवकर या! लंकाबाई जिन्यात ठाण मांडून बसल्यात, दिनेशराव पोलिसांना बोलवतो म्हणतात, आणि खाली गिऱ्हाईक खोळंबलंय."

खाली बेकरी, वर घर. जिन्यातच लंकाबाईंनी वाट अडवली. "माझं लोणी हाय ते! बारा बायकांनी म्हशी राखून, दूध जमवून काढलेलं. आज नाय म्हटलं तर उद्यापासून सगळ्या परत टँकरला दूध घालतील. गट मोडला माझा!"

सोमनाथने हकिकत सांगितली. दिवाळी दहा दिवसांवर. यंदाची नानकटाई चंदेरी कागदातून येणाऱ्या परदेशी लोण्याची करायची, की त्र्यंबकजवळच्या लंकाबाईंच्या गटाच्या लोण्याची, हे ठरायचं होतं. त्याने दोन्ही भाजल्या आणि सारख्याच ताटल्यांत मांडल्या. लंकाबाईंची उजवीकडे, परदेशी डावीकडे. तसं कागदावर लिहून पाकीट बंद केलं आणि पारख करायला स्वराजला आणायला तो फाटकापाशी गेला. स्वराज म्हणजे खाण्यापिण्यावर व्हिडिओ करणारा, मिशीला पीळ असलेला तरुण.

"मी डावी निवडली," स्वराज म्हणाला. "काय चव! आणि मागून येणारा तो हिरवा, रानटी गंध! युरोपातल्या डोंगरउतारावरच्या वनस्पती खाल्लेली गाय लपत नाही हो."

"पाकीट उघडलं तर डावी परदेशीच निघाली," सोमनाथ म्हणाला. "लंकाबाईंनी डावीतला तुकडा तोंडात टाकला आणि ओरडल्या, हे तर माझं!"

"मामा, मला उपास आहे. तुम्ही चाखा."

मामांनी कर्तव्य म्हणून एक चाखली, खात्रीसाठी दुसरी आणि न्यायासाठी तिसरी. डावी ताटली रिकामी झाली.

"झकास. पण दातात काहीतरी हिरवं अडकलंय. पिस्ता असेल."

"पिस्ता मी घातलाच नाही," सोमनाथ म्हणाला.

उज्वलाताईंनी मामांच्या दातांकडे नीट पाहिलं. त्या परदेशी लोण्याच्या एजंटाकडे वळल्या. दिनेशराव घामाघूम झाले होते.

"मी गॅलरीत फोनवर होतो. कुठली ताटली कुणाची, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं!"

"हाच चोर," मामा कुजबुजले.

चहा गाळता गाळता सोमनाथची बायको मीना म्हणाली, "ताटल्या देवघरातून मी आणल्या. डावी डाव्या हातात, उजवी उजव्या हातात. अदलाबदल करायला तिसरा हात कुठून आणू?"

"हीच चोर," मामांनी मत बदललं.

"थांबा. देवघरातून?"

"हे फाटकापाशी गेल्यावर आईंनी ताटल्या आत नेल्या होत्या. आईंच्या नैवेद्याशिवाय या घरात कुणी काही खात नाही. रोजचंच आहे ते, त्यात काय सांगायचं?"

देवघरात सोमनाथच्या आई, सावित्रीबाई, माळ ओढत होत्या. समोर बाळकृष्ण. त्याच्यापुढे डावीकडे तुपाचं निरांजन, उजवीकडे तेलाची समई. मामांनी हात जोडले.

"आजी, लंकाबाईंची ताटली कुठे ठेवली होती?"

"उजवीकडे. कुठली कुणाची ते सोमनाथने सांगितलं होतं. आपल्या माणसाचा मान उजवीकडे. ते परदेशातलं पाहुणं, डावीकडे."

"चुकून उलट झालं नसेल?"

"साठ वर्षं पूजा करतेय बाई. तुपाचा दिवा उजवीकडे, तेलाचा डावीकडे. कधी चुकले का मी?"

"बघा, नाही चुकल्या," मामा म्हणाले.

उज्वलाताईंनी दिव्यांकडे पाहिलं आणि त्या हसल्या. "सगळ्यांना बोलवा. आणि मामा, या पाटावर बसा. आता तुम्ही देव."

"उपास तुझा आणि देव मी?"

मामा पाटावर बसले. उज्वलाताई समोर बसल्या. "मामा, उजवा हात वर करा."

मामांनी केला. ताईंनी त्यापुढे रिकामी ताटली ठेवली. "मीनावहिनी, इथून बघा. ही ताटली तुमच्या कुठल्या हाताला?"

मीनाने हात पुढे केला आणि ती थबकली. "डाव्या!"

"चोरी झालीच नाही. तुपाचा दिवा उजवीकडे, असं आजी म्हणाल्या. दिसतोय तो आपल्या डावीकडे. पूजेत उजवं-डावं देवाचं धरतात. लंकाबाईंची ताटली त्यांनी देवाच्या उजव्या हाताला ठेवली. वहिनींनी आपल्या डाव्या हाताने उचलली आणि टेबलावर डावीकडे मांडली. कुणीच चुकलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही."

"कशावरून?" दिनेशराव म्हणाले.

"आजी, तुळस कशावर ठेवली होती?"

"लंकाबाईच्यावर. गरम होती, पान चिकटलं मेलं. काढताना तुकडे राहिले."

मामांनी जिभेने दात चाचपला. "तुळस!"

"आणि युरोपातला डोंगरउतार आमच्या गॅलरीतल्या कुंडीत आहे," मीना म्हणाली. स्वराजची मिशी सैल झाली.

"म्हणजे लंकाबाई जिंकल्या?" सोमनाथने विचारलं.

"तुळशीमुळे!" दिनेशराव उसळले.

लंकाबाई उठल्या. "बरोबर बोलले ते. फुकटचा मान मला नको. पानाबिगर खाऊ घाला, पुन्यांदा."

खालून ताज्या नानकटाया आल्या. स्वराजच्या डोळ्यांवर मीनाची ओढणी बांधली. त्याने एक खाल्ली. दुसरी खाल्ली. पुन्हा पहिली खाल्ली. लंकाबाईंनी पदराचं टोक दातात धरलं.

"ही पहिली. आधीचीच ती," स्वराज म्हणाला. "पण ती रानवनस्पती कुठे गेली?"

सोमनाथने लंकाबाईंपुढे हात जोडले. पहिली लंकाबाईंची होती.

"दिनेशराव, तोंड पाडू नका," सावित्रीबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी तुमच्यावरही पान ठेवीन. परदेशातली झाली तरी गायच ती."

लंकाबाईंनी डब्यातून लोण्याचा गोळा काढला. "ताई, हे तरी उपासाला चालतं ना?"

"चालतं. पण आधी देवाला. मामा, उजवीकडे ठेवा."

मामा गोळा घेऊन देवघराच्या दारात उभेच राहिले. त्यांनी एकदा बाळकृष्णाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हाताकडे, आणि लोणी बरोबर मध्ये ठेवलं.