मूळ जतन करा

पद्मजाचा तिरका दात हरवल्याचं कळलं ते तिच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या दिवशी, जयसिंगपुरात बिरनाळे चष्मेवाल्यांच्या दारात.

दारावर तिच्या हसऱ्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला होता. तिची धाकटी बहीण त्रिशला इचलकरंजीहून आली, रिक्षातून उतरली, वर बघितलं आणि पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली.

“दाजी, ताईचा दात कुठाय?”

मनोहर बिरनाळे खुर्च्या मांडत होते. “कुठला दात?”

“कुठला काय विचारताय? तिरका! ज्याच्यापायी आई तिला जन्मभर ‘तोंड मिटून हस’ म्हणत राहिली, तो. आणि ही कोण टूथपेस्टच्या जाहिरातीतली बाई टांगलीय तुम्ही?”

मनोहरांनी मान वर केली. दात एका रांगेत होते, शाळेतल्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. हा फोटो ते महिनाभर रोज बघत होते. सगळ्या गावाच्या नजरेतला दोष काढणाऱ्या माणसाला बायकोच्या तोंडातला बदल दिसला नव्हता.

“छापणाऱ्यानं गडबड केली असंल,” म्हणत त्रिशलाने स्वतःचा फोन काढला. मुलाच्या लग्नातला फोटो उघडला. दात सरळ. गणपतीपुळ्याचा उघडला. सरळ. ताईच्या कॉलेजातल्या स्नेहसंमेलनाचा उघडला. तिथेही सरळ.

“अगं बाई!” म्हणून ती खुर्चीत बसली.

त्या काळात फोटो साठवत नसत, उगवत असत. फोटोंची संख्या इतकी वाढली होती की ते ठेवायला जागा आणि वीज पुरेना. तेव्हा शास्त्रज्ञांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. एका माणसाचे हजारो फोटो असले तरी चेहरा एकच असतो, मग तो हजारो वेळा कशाला ठेवायचा? प्रत्येकाचा चेहरा बारकाव्यांसह एकदाच ठेवायचा. त्याला ‘मूळचेहरा’ असं नाव पडलं. फोटोत फक्त उरलेलं राहायचं: मान किती वळली, ऊन कुठून आलं, हसू किती, वय किती. फोटो उघडला की मूळचेहऱ्यातून तो नव्याने उगवायचा, पापणी लवायच्या आत. जुने फोटो आणि व्हिडिओही याच रीतीने बदलून घेतले गेले. कुणाला फरक जाणवला नाही, कारण तेव्हा फरक नव्हताच. पण मूळचेहरा बदलला, की जगात जिथे कुठे त्या माणसाचा फोटो असेल तिथे तो बदलायचा.

आता मनोहरांना महिन्यापूर्वीची ती दुपार आठवली.

पुण्यस्मरणासाठी त्यांनी तिचा भाच्याच्या लग्नातला फोटो निवडला होता. ती त्यात खदखदून हसत होती, तोंडावर हात न ठेवता. पण दाताला कोथिंबिरीचं पान चिकटलं होतं. तेवढं काढावं म्हणून त्यांनी ‘चित्रशाळा’ उघडलं. फोटो दुरुस्त करायचं हे सॉफ्टवेअर घरचंच म्हणायला हरकत नव्हती, कारण पद्मजा त्याच्या मराठी मदतसेवेत काम करायची. मधल्या खोलीत बसून ती दिवसभर लोकांना फोनवर सांगे आणि दुकानात मनोहरांना भिंतीपलीकडून ऐकू येई.

“काका, पडदा उजेडानं रंगतो आणि कागद शाईनं. पडद्यावरचा लालभडक कागदावर विटकरी होणारच. आधी छपाईचे रंग निवडा.”

“नवरीला डावीकडे घ्यायला फोटो आडवा उलटवू नका हो! पदर दुसऱ्या खांद्यावर जाईल, आणि नवरदेवाचा खिसाही. सासरचे ओळखायचे नाहीत.”

आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच वाक्य: “आधी प्रत काढा, मग हात लावा.”

हे वाक्य मनोहरांनी इतकी वर्षं ऐकलं होतं की ते त्यांना ऐकूच येईनासं झालं होतं. त्यांनी पानावर बोट ठेवून ‘डाग काढा’ दाबलं. पान गेलं. यंत्राने पानामागचा दातही दोष समजून सरळ केला, पण फोनच्या पडद्यावर फोटो पेरूएवढा होता, दात मोहरीएवढा. मग दोन बटणं समोर आली. ‘प्रत जतन करा’ आणि ‘मूळ जतन करा’. मनोहरांनी विचार केला की मूळ फोटो राखून ठेवलेला बरा. त्यांनी दुसरं दाबलं, आणि बदल थेट मूळचेहऱ्यातच जतन झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मदतसेवेला फोन लावला. बिरनाळे हे नाव तिथे सगळ्यांना माहीत होतं. फोन फिरत फिरत पुण्याला डॉ. रेवती ताम्हनकरांकडे गेला. मूळचेहऱ्याची पद्धत त्यांनीच बसवली होती.

“काका, जुना मूळचेहरा आम्ही महिनाभर ठेवतो, मग पुसतो,” त्या म्हणाल्या. “तुमचा महिना परवा संपला.”

“पण फोटो आहेत की एवढे. त्यातनं दात परत काढता येणार नाही?”

“फोटोंत दात कधी नव्हताच. फोटोंत फक्त ‘इथे हे माणूस हसलं’ एवढंच असतं. दात एकाच ठिकाणी होता.”

“कागदावरचे फोटो?”

“त्यात दिसतोय का?”

दिसत नव्हता. आईच्या धाकाने कागदावरच्या प्रत्येक फोटोत पद्मजाचं तोंड मिटलेलं होतं, नाहीतर तोंडावर हात. दातांच्या डॉक्टरकडे ती कधी गेली नाही. तिरका असला तरी दात धड होता.

“मग तो शब्द तरी नीट ठेवायचा होतासा,” मनोहर म्हणाले. “मूळ जतन करा म्हणजे कोण काय समजेल?”

ताम्हनकर म्हणाल्या, “पद्मजाताई हेच म्हणाल्या होत्या. मेनूतले निम्मे शब्द त्यांचेच आहेत. हा मात्र माझा. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, माणूस समजेल आपण जुनं सांभाळतोय, आणि दाबेल.’ मी म्हटलं, लोक नीट वाचतील.”

“वाचलं की नीट.”

“हो काका. वाचलंत.”

मग त्यांनी वाट सांगितली. गेलेल्या माणसाचा मूळचेहरा वारसाला आणखी एकदा बदलता येतो. एकदाच, त्यानंतर तो कायमचा बंद. “तुम्ही सांगा, आम्ही तसा दात बसवू. वरचा सुळा ना? डावा की उजवा?”

मनोहर सांगायला गेले आणि थांबले.

चष्मेवाल्याला हा प्रश्न कुणी विचारू नये. समोर बसलेल्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला, हे त्यांना झोपेतही चुकलं नसतं. पण पद्मजाचा दात त्यांनी सगळ्यात जास्त कुठे पाहिला होता? बेसिनवरच्या आरशात. रोज सकाळी दोघं शेजारी उभी राहून दात घासायची, ती फेसाळ तोंडाने काहीतरी सांगायची आणि तो दात चमकायचा. आरशात तिचा उजवा उजवीकडेच दिसतो, समोर बसली की डावीकडे. डोळ्यांपुढे दात अगदी स्पष्ट होता. पण ती समोरची पद्मजा होती की आरशातली, ते कळत नव्हतं.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून मुक्कामाला राहिलेल्या त्रिशलाला विचारलं.

“डावा,” ती लगेच म्हणाली. “लहानपणी लिमलेटच्या गोळीवरनं मला चावली होती ती. दंडावर अजून खूण आहे. बघा डावीकडचीच खोल आहे.”

ताम्हनकरांनी विचारलं, तेव्हा ताईंचं वय काय होतं?

“पाच असंल.”

“मग ते दुधाचे दात, मावशी.”

“तुम्हाला काय ठाऊक, चावलं मला होतं!” त्रिशला भडकली. पण नंतर तीच हसली. “ताई असती तर म्हणाली असती, आधी प्रत काढायची होती दंडाची.”

दिवाळी आली आणि गेली. त्रिशला फराळ घेऊन आली. चकली मोडता मोडता हलकेच म्हणाली, “दाजी, रागावू नका. काल फोटो बघत होते. म्हटलं, होता ना खरंच तिरका? म्हणजे होता. पण फार नव्हता, नाही का? जरासाच.”

मनोहरांनी बशी खाली ठेवली.

त्यांनी पुण्याला फोन केला. त्रिशलाला आता दात जरासाच तिरका आठवतो, हे सांगितल्यावर ताम्हनकर म्हणाल्या, “काका, आठवणीचंही असंच असतं. मेंदू आठवण ठेवून देत नाही, दर वेळी ती नव्याने उगवून घेतो. आणि उगवताना समोर जे दिसतं ते त्यात मिसळून परत ठेवतो. आम्ही तीच युक्ती उचलली. तुम्ही सरळ दातांचे फोटो बघत राहिलात तर...”

“तर मी पण मूळ जतन करत बसेन.”

“हो.”

“आणि बघितलंच नाही तर?”

“तर दात राहील काही दिवस. बाकीचा चेहरा किती राहील, सांगता येत नाही.”

त्या दिवसापासून मनोहरांनी तिचा एकही फोटो उघडला नाही. फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर टाकला. सकाळी बेसिनपाशी ते थोडे डावीकडे सरकून उभे राहतात, शेजारी जागा सोडून. आरशात बघतात, मग वळून त्या मोकळ्या जागेकडे बघतात. कधी दात इकडे दिसतो, कधी तिकडे. दोन्हीकडे ती तितकीच छान हसते.

चुकीच्या बाजूला बसवला तर तोच खरा होईल. त्रिशलासाठी, भाच्याच्या मुलांसाठी, आणि थोड्या दिवसांनी स्वतः त्यांच्यासाठीही. चुकल्याचं कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि बसवलाच नाही, तर तो कधी नव्हताच असं होईल.

ताम्हनकर महिन्यातून एकदा फोन करतात. “काका, ठरलं का?”

“बघतोय,” मनोहर म्हणतात. “घाई कशाला. तीच म्हणायची, आधी प्रत काढा, मग हात लावा. प्रत सापडंना, एवढंच.”

दात अजून बसवायचा राहिला आहे.