एका चारीवरचे पाच

बारामतीच्या मैदानाबाहेर, सोपानच्या चहाच्या गाड्याशेजारी पिंपळीच्या फुटबॉल संघाचा फ्लेक्स लावला होता. तेरा खेळाडूंचे फोटो, प्रत्येकाखाली त्याच्या गावाचं नाव, आणि सगळ्यांचे चेहरे पोलीस भरतीला उभे राहिल्यासारखे. प्रियदर्शनीने चहाचा कप घेतला आणि उत्तरपत्रिका तपासावी तसा तो फ्लेक्स तपासायला सुरुवात केली. इंदापूरच्या शाळेत ती खेळ शिकवायची, आणि कुणी मत विचारण्याची वाट पाहणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

“गोलकीपर झकास आणलाय,” ती सोपानला म्हणाली. “डावीकडचा डिफेंडरबी चांगला हाय. पण ज्यानं हा संघ बांधलाय, त्यानं नुसते पाय बघितलेत. पाचजण सांगवीचे, कालव्याच्या एकाच चारीवरचे. चारीला पाणी सुटलं की पाचही एकदम रानात.”

शेजारच्या उंच तरुणाने कप खाली ठेवला. “आणि नुसते पाय बघणारा तो माणूस... हितंच उभा असंल तर?”

तिने वळून पाहिलं. डोळे हसरे होते, जरासे दुखावलेलेही. दुसरी कुणी असती तर जीभ चावली असती.

“तर त्यानं ऐकून घ्यावं,” ती म्हणाली. “फुकट सांगतीय.”

“मी संघपाल. पिंपळीचा मॅनेजर. आणि तुमी?”

“प्रियदर्शनी. वरकुट्याची मॅनेजर.”

आता मात्र तो मनापासून हसला. त्याने जयभीम केला आणि विचारलं, की समोरच्या संघाला त्याचं दुखणं कुणी सांगतं का? ती म्हणाली, आजारी माणसाला हरवण्यात कसली आलीय मजा.

तिथून फोन सुरू झाले. तो एकेका खेळाडूबद्दल विचारायचा, ती तुकडा पाडल्यासारखं उत्तर द्यायची. संघात चार फॉरवर्ड म्हणजे एका मांडवात चार नवरदेव, असं ती म्हणाली, तेव्हा त्याने दुसऱ्याच दिवशी दोघांना मागे खेळायला लावलं. पण चारीचं काही त्याला पटेना. पोरं शब्दाला पक्की आहेत, म्हणायचा. त्याचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, रान कधी नव्हतंच. पाण्याची पाळी चुकली की ऊस कसा वाळतो, हे त्याने ऐकलं होतं, भोगलं नव्हतं. एकदा बोलता बोलता त्याने सांगितलं, की या स्पर्धेचा अंतिम सामना हरला तर संघ चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष रामतात्या संघ दुसऱ्याच्या हाती देणार आहेत. सांगितलं हसत, आणि लगेच पोरांच्या बुटांच्या खर्चाकडे वळला... त्या हसण्यात आपला जीव अडकला, हे प्रियदर्शनीने स्वतःशी सरळ कबूल करून टाकलं.

आणि अंतिम सामना नेमका वरकुट्याशीच आला.

त्या दिवशी सकाळीच सांगवीच्या चारीला पाणी सुटलं. पाचजणांची सावड होती, म्हणजे एकमेकांची रानं मिळून भिजवायची. जागा सोडली असती तर चारीच्या वरच्या अंगाच्या रानवाल्यांनी पाणी वळवून घेतलं असतं. मैदानात पिंपळीचे आठजण उरले, आणि स्पर्धेचा नियम असा की नऊपेक्षा कमी असतील तर समोरचा संघ विजयी.

“बाई, बसल्या जागी चषक मिळतोय,” तिचा कप्तान शिवम म्हणाला. खोटं नव्हतं. वरकुट्याने चषक कधी पाहिलाच नव्हता, आणि तिला तो फार हवा होता. तिने पलीकडे पाहिलं. रामतात्यांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं होतं, आणि संघपाल कुणालाच दोष न देता एकटा उभा होता.

तिने पंचांकडून तासभर मागून घेतला आणि स्कूटर काढली. “बस मागं,” ती संघपालला म्हणाली. ‘तुमी’ कुठे गळून पडलं, ते तिला कळलं नाही, त्याला कळलं.

सांगवीच्या उसात तिने पोरांच्या हातातलं फावडं घेतलं. “जावा, खेळून या. तवर पाण्याची दारं आमी दोघं धरतो.”

पोरं मोटारसायकली घेऊन सुटली. दोन्ही संघांचे मॅनेजर गुडघाभर चिखलात, आणि बांधावर ठेवलेल्या फोनमधून सोपान सामना सांगतोय... संघपालने पहिलंच दार, म्हणजे सरीत पाणी सोडायचं तोंड, भलतीकडे मोडलं आणि पाणी तिच्या पायांवरून धावलं. तिने फावड्यावरचा त्याचा हात धरून माती कुठे ओढायची ते दाखवलं. हात सोडायला तिने अंमळ उशीरच केला.

वरकुट्याने आधी गोल केला, मग पिंपळीने फेडला. शेवटी सांगवीच्याच पोराने दुसरा घातला आणि शिट्टी वाजली. संघपालने उडी मारली, तिच्याकडे पाहिलं, आणि चेहराच उतरला त्याचा.

“तुझा चषक... माझ्यामुळं गेला.”

“तुझ्यामुळं न्हाय. मीच घालवला.” “राग आलाय मला. तुझा, माझा, त्या पाचजणांचा. आणि तरी... मला तू आवडतोस. हरले म्हणून हे उद्यावर ढकलणार न्हाय.”

तो हळूच म्हणाला, “मला तर तू त्या चहापासनंच... आई-वडलांना घिऊन येऊ का तुझ्या घरी?”

“ये. पण आधीच सांगते. लग्न झालं तरी वरकुट्याचा संघ मी सोडणार न्हाय. पुढल्या साली तुला हरवणार, आणि रामतात्यांसमोर हरवणार.”

“मग संघ जाईल माझा.”

“जाऊ दे. माझ्या संघाला चांगली माणसं हुडकणारा लागतोच हाय.”

संघपाल हसला. चिखलाचा हात त्याने पँटला पुसून पुढे केला, आणि प्रियदर्शनीने तो धरला.