वाढत्या अंगाची जाळी

लहान पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे असतात, हे खुर्शीदाला कुणी शिकवलं नव्हतं. शिलाई मशीनसमोर बसणाऱ्या बाईला ते आपोआप कळतं. फ्रॉकला आतून दोन बोटं दुमड ठेवायची. पोर उंच झालं की टीप उसवायची. फ्रॉक आणखी एक ईद काढतो.

म्हणूनच तिच्या धाकट्या भावानं, कलीमनं, खामगावच्या आपल्या फर्निचरच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर तिच्या घरी आणून ठेवला आणि "आपा, तू खिडकीच्या लाकडी जाळीचे डिझाइन बनव, कापाचं काम दुकानातली मशीन करते," म्हणाला, तेव्हा ती घाबरली नाही. व्हिडिओ पाहून पाहून शिकली. पडद्यावर ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. एक ठोकळा बेरीज करतो, एक भागाकार. दर्जीकामात तरी दुसरं काय असतं? छाती भागिले चार, अधिक शिलाईचं एक इंच. एक आकडा बदलला की अख्खा झंपर बदलतो. समोरच्या घरातली समीक्षा पुढं मोठी झाल्यावर विचारायची, चाची, फंक्शन म्हणजे काय? खुर्शीदा सांगायची, "गिरणी. वरून दळण टाकलं, खालून पीठ. साइन नावाची एक गिरणी हाय, तिच्यात सरळ आकडे टाकले का लाटा होऊन बाहेर पडतात."

पहिली जाळी तिनं स्वतःच्या घरासाठी केली. घर गावाच्या शेवटच्या गल्लीत, मागच्या भिंतीला लागून वावर. तिच्या नवऱ्यानं, शकूरनं, ते मक्त्यानं, सालाच्या भाड्यावर, केलं होतं आणि सगळी बीटी कपाशी लावली होती. त्यांची रुबिना तेव्हा सहा वर्षांची. अब्बा फवारणीला निघाले की हिला मागं जायचंच असायचं. म्हणून मागच्या खिडकीला जाळी. रुबिनाच्या डोळ्यांच्या उंचीवर एक मोठं छिद्र, आणि त्यापासून जसजसं दूर जावं तसतशी बारीक होत जाणारी बाकीची. प्रत्येक छिद्राचं त्या बिंदूपासूनचं अंतर मोजायचं, भागायचं, साइनच्या गिरणीतून काढायचं. बिंदूची उंची चाळीस इंच.

पण हाताला सवय असते. चाळीसची तार तिनं सरळ जोडली नाही, मध्ये बेरजेचा ठोकळा टाकला. 'माप' अधिक 'वाढ'. वाढीला एक सरकपट्टी लावली आणि ती शून्यावर ठेवली. पोर उंच झालं की आकडा सरकवू, कलीमकडून नवी जाळी कापून घेऊ.

शकूर पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या तासातून यायचा, खिडकीसमोर थांबायचा आणि कमरेएवढ्या उंचीवर हात धरून हलवायचा. मोठ्या छिद्रातून एक बोट बाहेर येऊन हलायचं. तो पुढं होऊन त्या बोटाला बोट लावायचा.

ते गुलाबी बोंडअळीचं साल. बीटीवर अळी पडतच नाही असं सांगितलं होतं, आणि बोंड फोडावं तर आत अळी. फवारे वाढले. दिवाळीच्या सुमाराला रुबिना गेली. शकूर म्हणाला फवाऱ्यानं, डॉक्टर म्हणाला तापानं.

शकूरनं वावर सोडलं, ते दुसऱ्या कुणी मक्त्यानं घेतलं. आता तो मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये असतो, शनिवारी संध्याकाळी येतो. फाट्यावर उतरून अजूनही वावराच्या धुऱ्यानंच, बांधावरूनच येतो, अजूनही खिडकीसमोर थांबून हात हलवतो. अलीकडे तो हात खांद्याएवढा वर जाऊ लागला होता. पंपाच्या पट्ट्यानं धरलेला खांदा मोकळा झाला असेल, असं खुर्शीदाला वाटायचं.

पुढच्या सगळ्या जाळ्या तिनं त्याच फाइलवरून केल्या. एकदा बेतलेला कागद दर्जी टाकून देत नाही.

'वाढ' पहिल्यांदा सरकली ती रुबिनाला जाऊन वर्ष झाल्यावर. दोन. माउसचा धक्का लागला असेल म्हणून तिनं शून्य केलं. सकाळी पुन्हा दोन. तिनं सरकपट्टीच काढून टाकली. तरी बेरजेच्या ठोकळ्यातून बेचाळीस बाहेर येत राहिले. मग तिनं पट्टी परत जोडली. निदान डोळ्यांना दिसेल तरी. गिऱ्हाइकाच्या जाळीत तेवढे इंच वजा करून द्यायला ती शिकली, आणि कुणाला काही बोलली नाही.

दर जूनमध्ये समीक्षा शाळेचा ड्रेस शिवायला यायची. ती रुबिनाच्या वर्गातली.

"चाची, ड्रेसाले डोळ्यापर्यंतचं माप काऊन लागते?"

"टोपी शिवाची हाय तुह्यासाठी."

"दर साली टोपी म्हणता. टोपी तं कधी भेटली नाई."

समीक्षा गेली की खुर्शीदा पडद्यावरचा आकडा पाहायची. दर वर्षी समीक्षापेक्षा बोटभर जास्त. शाळेत प्रार्थनेच्या रांगेतही रुबिना समीक्षाच्या मागं उभी राहायची, बोटभर उंच म्हणून.

तिनं घाबरायला हवं होतं. पण तिला वाटलं, चला, खात-पीत असेल कुठंतरी.

यंदा आकडा भराभर चढत होता. त्या वयात पोरी चढतातच. त्यात एकदा खुर्शीदाची वजाबाकी चुकली, आणि कलीम मोटरसायकलवरून थेट घरी आला.

"आपा, शेगावच्या लॉजवाल्याची जाळी पाह्यली का? काउंटरवरच्या मॅनेजरचं तोंड दिसावं म्हून भोक ठेवलं, ते गेलं त्याच्या डोक्यावरून. आता त्याले स्टुलावर बसवू का मी?"

"बस तू आधी. चहा टाकू?"

"चहा राहू दे. फाइल दाखव."

त्यानं पडद्यावरच्या तारांवरून बोट फिरवलं. बेरजेच्या ठोकळ्यापाशी थांबला.

"माप अधिक वाढ? लॉजचा मॅनेजर वाढून राह्यला का आपा?"

स्वतःच्याच विनोदावर तो हसला. मग त्याला कळलं की ही फाइल पहिल्यांदा कुणासाठी बनली होती. त्याचं हसू तोंडातच राहिलं.

"सतरा इंच," तो हळूच म्हणाला. "तू सरकवते हे?"

"नाई."

"मंग व्हायरस असंन."

त्यानं नजर वळवली.

"आपा, लॉजवाला अख्ख्या इमारतीच्या खिडक्या देतो म्हणते. पुन्हा असं झालं तं माहं दुकान बसते. तो ठोकळा काढून टाक. सात साल झाले."

"मले माहीत हाय किती झाले."

"मी काढू?"

"हात नको लावू. मी पाहतो त्याचं."

तिनं लॉजच्या कामासाठी कॉपी केली. कॉपीतला ठोकळा काढायचा, असलीला हात लावायचा नाही. एक तुकडा कापला म्हणून ठाण थोडंच कापल्या जातं? असं मनाशी म्हणत तिनं तार ओढून सोडवली. ठोकळा निवडला. पुसला. मापाची तार सरळ बिंदूला जोडली. पडद्यावरचं मोठं छिद्र टुणकन खाली आलं.

कलीमनं निःश्वास सोडला. मग चहाही प्यायला, दोन कप.

लॉजची जाळी बरोबर बसली. शनिवारी दुपारी कलीमचा फोन आला, मॅनेजर खूश हाय म्हणून. खुर्शीदानं फोन ठेवला आणि घरची, असली फाइल उघडली.

'वाढ' शून्य.

तिनं पट्टी धरून सतरावर नेली. पट्टी तिथं थांबली. बेरजेच्या ठोकळ्यातून चाळीस बाहेर आले.

ठोकळा काढून दुसरा टाकला. तारा नव्यानं जोडल्या.

चाळीस अधिक सतरा. चाळीस.

चाळीस अधिक शंभर. चाळीस.

बाहेर ऊन उतरलं होतं. ती उठून मागच्या खिडकीशी गेली आणि वरच्या एका बारीक छिद्राला डोळा लावला. छातीएवढी कपाशी, खालची बोंडं फुटलेली. दूर धुऱ्यावरून शकूर येत होता, खांद्याला थैली.

तो नेहमीच्या जागी थांबला. नेहमीसारखा हसला. हात खांद्याएवढा वर नेला.

हात तिथंच राहिला.

त्याची नजर जाळीवर काहीतरी शोधू लागली. खुर्शीदाच्या डोळ्यावरून ती गेली, पण थांबली नाही. हळूहळू खाली उतरली. आणखी खाली.

खुर्शीदानं खाली पाहिलं नाही.

शकूरनं थैली जमिनीवर ठेवली. कपाशी बाजूला सारत भिंतीपाशी आला. लहान लेकराशी बोलायला बसतात तसा उकिडवा बसला.

"काऊन बेटा?" तो म्हणाला. "पुन्हा एवढीशी काऊन झाली?"

मोठ्या छिद्राशी तोंड नेलं. मग त्यानं हात पुढं केला आणि बोटाला बोट लावलं.