डावीकडचं लॉक

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पुढे वाचू नका. पण काकाच्या नडगीतून बाहेर आलेलं हाड मी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यावर स्वतःचा शर्ट फाडून मीच बांधलाय.

आणि रात्रबित्र काही नव्हती. शनिवार, दुपारचे चार, भगभगीत ऊन.

माझं लेथचं दुकान. मध्ये एक पत्रा, पलीकडे काकाचं गॅरेज. अख्खी गल्ली त्याला काकाच म्हणते. तोंडाने फटकळ, पण जुनी इंजिनं बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

त्या आठवड्यात त्याने एकच काम घेतलं होतं. स्वतःच्या थोरल्या भावाची जुनी मोटारसायकल.

अकरा वर्षांपूर्वी भाऊ याच गाडीवर गेला. भरधाव असताना इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि तो उडून ट्रकखाली आला. ओळख पटवायला काका गेला होता. पटली ती बुटांवरून.

तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती. आता भावाची मुलगी कमावती झाली आणि हट्टाला पेटली.

"विकून टाक ती," काका म्हणाला.

"बाबांची आहे. रविवारी हायवेला काढणार. तू बांधत नसशील तर दुसऱ्याकडे टाकते."

दुसऱ्याकडे म्हटल्यावर काका मुकाट्याने पाने घेऊन बसला.

नवा पिस्टन, नव्या रिंगा. सिलिंडर मीच बोअर करून दिला. बुधवारी गाडी सुरू झाली, पण चाल वेडीवाकडी. तीन ठोके नीट पडायचे...

चौथा गायब.

काकाने कार्बोरेटर धुतला. प्लग बदलला. पॉइंट घासले, टायमिंग पुन्हा लावलं. सगळं जिथल्या तिथे. तरी चौथा ठोका नाही तो नाहीच.

मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आतला बारीकसारीक आवाज ऐकू येतो. पुतणीलाही त्यानेच हे शिकवलं होतं, ती एवढीशी असताना.

त्याने कान लावला.

आतून... कोणीतरी मुठीने दार बडवत होतं.

काकाने इंजिन खोललं. पिस्टनच्या पिनेला दोन्ही बाजूंना नखाएवढी तारेची कडी असते, तिला लॉक म्हणतात. ती नसेल तर पिन सरकत सरकत सिलिंडरमध्ये घुसते आणि इंजिन जाम होतं.

डावीकडचं लॉक नव्हतं.

काकाने ते स्वतः बसवलं होतं. मी समोर होतो. सगळं ऑइल फडक्यातून गाळलं, आत चुंबक फिरवलं. कुठेच नाही. नवं बसवलं, इंजिन बांधलं, तरी चौथा ठोका गायबच. शुक्रवारी पुन्हा खोललं...

पुन्हा तेच. डावीकडचंच.

काका मटकन खाली बसला. त्याचं कारण त्याने मला नंतर दवाखान्यात सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी काकानेच इंजिन बांधून दिलेली गाडी घेऊन भाऊ निघाला आणि लगेचच काकाला बाकावर एक लॉक पडलेलं दिसलं. डावीकडचं. मागे पळाला असता तर भाऊ नाक्यावर सापडला असता. पण थोरल्याच्या शिव्या कोण खाणार? एका बाजूचं आहे ना, संध्याकाळी बसवू, म्हणून त्याने ते खिशात टाकलं.

संध्याकाळी भाऊ आलाच नाही. काकाने तोंडातून अवाक्षर काढलं नाही, ना वहिनीजवळ, ना पोरीजवळ.

शनिवारी दुपारी आणखी एक लॉक बसवून, इंजिन बांधून त्याने पुन्हा कान लावला. या वेळी बडवणं नव्हतं. काहीच नव्हतं. मग अगदी कानात...

"सांगतोस, की मी सांगू?"

मी पत्र्याआडून हातोड्याचे दणके ऐकले. धावत गेलो, तर काका शिव्या घालत इंजिन फोडत होता. ॲल्युमिनियमच्या पात्या तुटून उडत होत्या. एक त्याच्या गालात रुतली होती, रक्त हनुवटीवरून गळत होतं, पण त्याला भान नव्हतं.

तेवढ्यात पुतणी दारात आली. "काका! काय करतोयस?"

"मेली ही गाडी! चालूच होत नाही. हे बघ!"

प्लगची वायर काढून त्याने लांब फेकली आणि सगळं वजन टाकून किक मारली.

किक उलटी आली.

ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. काका आडवा, नडगीतून पांढरं हाड बाहेर. किक थांबली नाही. आणखी दोनदा वर आली आणि त्याच पायावर उतरली. मी त्याला काखेत धरून ओढलं.

आणि इंजिन... सुरू होतं.

ठिणगी देणारी वायर नाही. पुतणीने पेट्रोलचा कॉक बंद केला. तरी चालूच. तीन ठोके, एक गायब.

तिने जमिनीवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. काका ओरडला, "नको! कान लावू नकोस!"

तिने लावला.

किती वेळ ऐकत होती कोण जाणे. मग मान वळवून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"काका... बाबा विचारतायत, लॉक कुठंय?"

काका ढसाढसा रडला. रक्ताळलेल्या हाताने पाकीट काढलं. आतल्या कप्प्यात कागदाची जुनी पुडी होती. त्याने ती तिच्या हातावर ठेवली.

इंजिन बंद पडलं.

मी शर्ट बांधत होतो. ती तशीच गाडी ढकलत घेऊन गेली.

फुटलेलं इंजिन तिने दुसरीकडे नीट करून घेतलं आणि आत तेच जुनं लॉक बसवून घेतलं. गाडी आता लोण्यासारखी चालते. काका आणि तिचं बोलणं बंद आहे. काकाचा पाय चार इंच आखूड झाला, तरी तो रोज गॅरेज उघडतो.

ती रोज चारला गल्लीतून जाते. नाक्यापासून आवाज कसा एकसारखा येतो. फक्त काकाच्या दारासमोर...

एक ठोका गायब होतो.

मी चारच्या आधीच लेथ मोठ्याने सुरू करून ठेवतो. तरी तो न पडलेला ठोका मला ऐकू येतो.